ओटा एक वीत पुढे आला होता

सकाळी साडी फॉल-पिकोला टाकायची म्हणून बेळगावच्या पेठेत गेले होते. गणपत गल्लीतून आत वळले, तर माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा. टेम्पोत लाकूड भरलेलं. आधी मला जळण वाटलं. जवळ गेले तर ते समोरच्या घराच्या सज्ज्याला खालून आधार देणारे लाकडी हस्त होते, पोपट कोरलेले. लहानपणी ते मी रोज मोजायचे. सात हस्त, चौदा पोपट, एकाची चोच तुटकी. तो तुटक्या चोचीचाही होता, सगळ्यांत वर, दोरीनं आवळलेला.

"कुठं चाललंय ओ हे?" टेम्पोवाल्याला विचारलं.

"गोव्याला. कुठल्या हॉटेलात लावणार म्हणे."

वर बघितलं तर सज्जाच नाही. माडीच्या तिन्ही खिडक्या विटा भरून बंद केलेल्या आणि दर्शनी भिंतीवर लोखंडी अँगल ठोकायचं काम चालू. मालकांचा मुलगा हौसेनं पुढे आला. त्याच्या बारशाला मी अंगडं-टोपडं घेऊन गेले होते. मोबाइलवर चित्र दाखवत म्हणाला, "आत्या, बघा की. पुढनं सगळं एसीपी आणि ग्लास. लय भारी दिसणार." एसीपी म्हणजे ती अॅल्युमिनियमची शीट. चित्र बघितलं. ती इमारत हुबळीत चालेल, पुण्यात चालेल, हायवेच्या पेट्रोल पंपाशेजारीही चालेल.

फॉल-पिको राहिलं. भात झाकून ठेवलाय आणि हे लिहायला बसलेय.

मला एवढंच विचारायचंय. शंभर वर्षं गल्लीकडे बघत उभं असलेलं घराचं तोंड एका मंगळवारी सकाळी टेम्पोत भरून जातं, आणि "थांबा, आधी दाखवा, काय करताय ते" असं म्हणणारं या शहरात कुणीच नाही का?

पूर्वी होतं. मी नऊ वर्षांची होते तेव्हा बघितलंय.

आमच्या आज्जाचं कापडाचं दुकान. पुढे काळ्या दगडाचा ओटा, तीन पायऱ्या आणि दुकानाला अकरा फळ्या. फळ्यांवर सुतारानं आकडे कोरलेले. रात्री त्या आकड्यांच्या क्रमानंच बसायच्या. एक चुकली तर शेवटची आत जायची नाही. त्या वर्षी आज्जानं ओट्याचा कडेचा दगड बदलला आणि बदलताना ओटा एक वीत पुढे घेतला. फक्त एक वीत. गिऱ्हाइकाला टेकायला जरा जागा, एवढाच विचार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीचे पंच आले. पाच जण. आज्जानं चहा सांगितला, त्यांनी घेतला, आणि मग त्यातल्या एकानं आज्जाचाच कापड मोजायचा लोखंडी गज मागितला. मीटर आल्यापासून तो गज दुकानात नुसता कोपऱ्यात उभा असायचा. आमच्या ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत रस्ता मोजला. त्यांत अडत दुकानवाले कन्नड अज्ज, म्हणजे आजोबा, होते, ते एवढंच म्हणाले, "ब्याड्री, अण्णा." म्हणजे, नको हो. आज्जाला कन्नड उत्तम यायचं. त्या दिवशी न कळल्यासारखं केलं त्यानं.

पण दगड छाटला. तीन दिवस छन्नीचा आवाज चालला होता.

आता भाचा सांगतो, तो मुंबईत आर्किटेक्ट आहे, की मुंबईत १९९५ पासून यासाठी नियम आहेत. वारसा इमारतींची यादी आहे, त्यात पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी आहेत आणि बदल करायचा तर वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. दादाभाई नौरोजी रोडवर दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत बसवायच्या, कमान झाकायची नाही, खांब झाकायचा नाही, असं ठरवून अख्ख्या रस्त्याचं तोंड त्यांनी धुऊन काढलं. दुकानं बंद पडली का? नाही पडली. अमेरिकेत चार्ल्सटन नावाचं गाव आहे, तिथं १९३१ सालापासून जुन्या भागातल्या घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर मंडळापुढं नकाशा ठेवावा लागतो. हे सगळं ऐकून मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आमचे पंच करत होते की! नकाशा नव्हता, गज होता.

भाच्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र मला फार पटली. अशी मंडळं आतलं काही बघत नाहीत बहुतेक. आत एसी लावा, लिफ्ट घाला, काउंटर कुठंही ठेवा. रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच बघतात. दुकानाचं मूळ तोंड केवढं होतं, दारावरचा झरोका जागेवर आहे का, पाटी मूळ पट्टीतच बसतेय का, माडीच्या खिडक्या उघड्या आहेत का. आणि नवीन लावलेलं उद्या काढलं तर खालचं जुनं शाबूत राहील का? हा शेवटचा प्रश्न आपल्या पेठेत कुणाला सुचतही नाही. आपल्याकडे आधी फोडायचं, मग झाकायचं.

आणि झाकायचं कशानं, तर त्या एसीपीच्या शीटनं. लंडनमध्ये २०१७ साली ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसं गेली. तिथं आग बाहेरून वरपर्यंत चढवली ती अॅल्युमिनियमच्या पत्र्यात प्लास्टिक भरलेल्या अशाच जातीच्या शीटनं. आमच्या गल्लीत आगीचा बंब वळत नाही हो! भिंतीला भिंत लागून घरं आहेत. कापडाची दुकानं आहेत.

बरं, त्या भिंती तरी कसल्या? चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. आपल्या बेळगावचा पाऊस माहीत आहे ना, जूनमध्ये लागला की गौरी-गणपतीपर्यंत हटत नाही. चुना ओल घेतो आणि सोडतो. वरनं सिमेंट थापलं, त्यावर शीट मारली, की ओल आत कोंडते आणि चिरा आतून पिठासारखा होतो. बाहेरनं चकचकीत, आतनं भुगा. पाच वर्षांनी हेच म्हणणार, "इमारत धोकादायक झाली ओ, पाडावी लागणार."

हो, जुन्या इमारती पडतात, मान्य आहे. म्हैसूरची लॅन्सडाऊन बिल्डिंग २०१२ मध्ये कोसळून माणसं गेली, देवराज मार्केटचा भाग २०१६ मध्ये खाली आला, आणि म्हैसूरला तर वारसा समितीही आहे. पण त्या काही कुणी जपल्या म्हणून पडल्या नाहीत.

किल्ल्यात जा. १२०४ सालची कमल बस्ती आहे, जैन देऊळ. ती बघायला लांबलांबून लोक येतात, आणि यावंच. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर नवीन बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, असा केंद्राचा कायदा आहे. देवळाला कायदा, किल्ल्याला कायदा. पेठेला काय? खडेबाजार, पांगुळ गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, इथं राजा कधी राहिला नाही म्हणून काहीच नाही? १८४८ पासून वाचनालय चालवणारं गाव आहे हे. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये आले ते रिसालदार गल्लीतल्या घरात उतरले. ते घर जपलं, छान केलं. पण विवेकानंद उतरले नाहीत त्या घरांचं काय? गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते १९२४ च्या आपल्या बेळगावात. शंभर वर्षं झाली म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये रस्तोरस्ती रोषणाई केली. मीही नातवाला घेऊन बघून आले, डोळे दिपले. त्या रोषणाईच्या खर्चातला चिमूटभर पैसा पेठेतल्या जुन्या घरांची नुसती यादी करायला लागला असता. यादीसुद्धा नाही हो! गेलं ते काय गेलं हे लिहिलेलंसुद्धा नाही कुठं.

पाट्यांचं बोलू नये म्हणतात. बोलते. पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा आहे. त्यावर आपल्या मराठी लोकांचं जे म्हणणं आहे ते मी इथं पुन्हा सांगायला नको, तुम्ही सगळे घरचेच आहात. आज्जाच्या दुकानाच्या पाटीवर मराठी आणि कन्नड दोन्ही होतं, एकाच पेंटरनं एकाच हातानं लिहिलेलं, कुणी सांगितलं नव्हतं तेव्हापासून. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. पाटीवरची अक्षरं मोजायला माणूस मिळतो. पाटीमागं काय फोडलं हे बघायला एकही माणूस मिळत नाही. टेप घेऊन आलाच आहात, तर जरा मान वर करून सज्जा तरी बघा की!

आमच्याच भावाचं सांगते. माळवदाच्या तुळया बदलायच्या होत्या, कौलं परतायची होती. तो एका कचेरीत रीतसर परवानगी विचारायला गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, "दुरुस्तीचं कशाला करत बसता? पाडून नवीनचा अर्ज करा, लवकर होईल." भाऊ घरी येऊन गप्प बसला होता. जो माणूस जपायला निघालाय त्याला पाडायला सांगायचं, आणि जो विचारल्याशिवाय पाडतोय त्याला कुणी हटकायचं नाही.

चहा करून आले. जरा शांत झालेय.

समोरच्या घराच्या त्या मुलाला मी सकाळी फार बोलले. नको होतं बोलायला. त्यांच्या माडीवर पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या आईला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही. चार भावांचे हिस्से, एक भाडेकरू जुन्या भाड्यावर, कौलं परतणारा माणूस आता शोधून सापडत नाही. समोरच्या शोरूमला काच आहे म्हणून गिऱ्हाईक तिकडं वळतं, हे त्यानं सांगितलं आणि त्यात खोटं काही नाही. "आत्या, जुनं घर तुम्हाला आवडतं, राहायचं आम्हाला आहे," असं म्हणाला तो. मी तिलकवाडीत फ्लॅटमध्ये राहते. काय बोलणार?

पण मग मला वाटतं, त्याला कुणी दुसरा मार्ग दाखवला का? हस्त तसेच ठेवून, सज्ज्याखाली दुकानाला काच बसवता येते. चोर्ला घाट उतरून पणजीला जा, फोंतेन्हास बघा. जुनी घरं, रंगवलेली, खिडक्यांसकट, आणि खाली धंदा जोरात. तिथं ज्या खिडकीपाशी उभं राहून आपलीच पोरं फोटो काढतात, तसलीच खिडकी इथं विटा घालून बुजवतात. आणि आपले पोपट तिकडंच चाललेत, हॉटेलात टांगायला! तिथं येणारा पाहुणा म्हणेल, किती सुंदर, कुठलं हो हे? आणि ते सांगतील, कुठलं तरी जुनं.

नियम आला की आणखी एक टेबल, टेबलाखालनं आणखी एक हात, असं भाऊ म्हणतो. म्हणू दे. म्हणून तर मी म्हणते की बघणाऱ्यांत गल्लीची माणसं पाहिजेत. एक आर्किटेक्ट असू दे, एक महापालिकेचा असू दे, पण उरलेले त्याच गल्लीतले. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. जो जुनं तोंड ठेवेल त्याला घरपट्टीत सूट द्यायची, तुळया बदलायला मदत करायची. नुसतं नाही म्हणायचं आणि निघून जायचं, हे चालणार नाही. आपलं शहर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींत आलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता पेठेचं काहीतरी होणार. झालं ते असं की, काँक्रीटवर काँक्रीट चढून आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्यांची एक पायरी उरलीय.

तो छाटलेला दगड मात्र आहे अजून. आज टेम्पो गेल्यावर त्यावरच बसले होते थोडा वेळ. हात फिरवला की छन्नीचे घाव लागतात.

त्या दगडाचं पुढचं सांगायचं राहिलं. दगड छाटल्यावर आज्जा अडतवाल्या अज्जांशी महिनाभर बोलला नाही. शिवजयंती आली. वैशाखातली, आपली, चित्ररथांची. रात्री गाड्या गल्लीत वळायला लागल्या. बैलगाडीवर अफजलखानाचा देखावा होता, तंबूसकट. गाडीचं चाक आमच्या ओट्याला घासून गेलं. घासून, म्हणजे दोन बोटं अंतर. ती वीत तशीच असती तर गाडी अडली असती आणि मागं सगळी मिरवणूक. आज्जा ओट्यावर उभा होता, मी त्याच्या खांद्यावर. तो काही बोलला नाही. अडतवाले अज्ज समोरच्या ओट्यावर उभे होते, तेही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जानं त्यांच्याकडं चहा पाठवला. आणि पुढच्या वर्षी शेजारच्यांनी दुकानाचा पत्रा गल्लीत पुढे काढला, तेव्हा गज घेऊन पहिला गेला तो आमचा आज्जा.

पंच अजून आहेत गल्लीत. गणपतीची वर्गणी, महाप्रसाद, मंडप, एवढंच बघतात आता. येत्या रविवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे. बायका जात नाहीत त्या बैठकीला आणि मी तर सासरी गेलेली, गल्लीची लेक. तरी जाणार आहे. विषय एकच मांडणार, की गल्लीतलं कुठलंही घर दर्शनी बाजूला हात लावायच्या आधी पंचांना दाखवेल. कायदा व्हायचा तेव्हा होऊ दे. समोरच्या घराला उशीर झाला, पण त्याच्या पुढे अजून नऊ घरं आहेत जुनी. आज मोजून आलेय. तुमच्या गल्लीत किती उरलीत ते मोजा आणि खाली लिहा, नुसता आकडा लिहा.

आणि वहिनीला फोन करून विचारलं, गज आहे का अजून? आहे म्हणाली, माळ्यावर फळ्यांच्या मागं. काढून पुसून ठेव म्हटलं.