कोरोना बॅच म्हणून हसणाऱ्यांनो, जरा थांबा

आज ऑफिसातून डोकं फिरवूनच घरी आलेय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणारे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

बॅक ऑफिससाठी फ्रेशर्स घ्यायचेत, त्यांचे रेझ्युमे बघत आम्ही चौघं बसलो होतो. चहा झालेला, सगळे मूडमध्ये. एका मुलीचा रेझ्युमे स्क्रीनवर आला, दहावी २०२१, आणि आमच्यातले एक साहेब (नाव घेत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच) म्हणाले, "अरे ही तर कोरोना बॅच. ९९.९५ टक्के निकाल. त्या वर्षी आमच्या सोसायटीचं कुत्रंसुद्धा पास झालं असतं." सगळे खो खो हसले आणि रेझ्युमे बाजूला गेला. बारावीला किती, बीकॉमला किती, टॅली येतं का, कोणी वाचलंच नाही. मी म्हटलं, अहो निदान खालपर्यंत तरी बघा, तर म्हणे बघू नंतर. ते "नंतर" कधी येतं ते आपल्याला माहितीये.

आता ऐका. माझ्या लिस्टमधल्या लोकांना वेगळं सांगायला नको, कोरोनात कोणाची पोरं लॅपटॉपवर शिकली आणि कोणाची पोरं घरात बसून राहिली हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण पाच वर्षांत आपण किती आरामात विसरलो ना.

२०२० च्या पावसाळ्यात मी एका संस्थेसाठी मेंटर झाले होते. वस्तीतल्या पोरांची अभ्यासिका चालवायचे ते, ती लॉकडाउनमध्ये बंद पडली, मग त्यांनी सगळं फोनवर आणलं. एक मूल, एक मोठं माणूस, दर आठवड्याला फोन. माझ्या वाट्याला आली ती पुण्यातल्या भवानी पेठेतली एक दहावीची पोरगी. वडील रिक्षा चालवायचे, रिक्षा उभी. आई चार घरची धुणीभांडी करायची, सोसायट्यांनी गेट बंद केली, ती घरी. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले. आणि घरात मोबाइल एकच, वडिलांचा, त्याचा कानाला लावायचा स्पीकर गेलेला. म्हणजे बोलायचं तर लाउडस्पीकरवरच, दहा बाय दहाच्या खोलीत, आईबाप, आजी आणि दोन धाकटे भाऊ यांच्या देखत.

आम्हाला झूमवर ट्रेनिंग होतं. ओपन एंडेड प्रश्न विचारा, मुलांना मोकळं होऊ द्या. छान पीपीटी होती. अहो पण मोकळं होणार कुठून, अख्खं खानदान कान लावून बसलंय! मी विचारायचे, काय गं कशी आहेस, उत्तर धाकटा भाऊ द्यायचा. मज्जाही यायची, नाही असं नाही. बीजगणितात अर्थनियोजन म्हणून धडा आहे, त्यात जीएसटी. मी तिला समजावतेय की टूथपेस्टवर १८ टक्के (तेव्हाचा दर), म्हणजे १०० रुपयांच्या मालावर १८ रुपये, त्यातले ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे, तर मागून वडिलांचा आवाज, "म्हणजे मॅडम, कोलगेट घेतलं की मोदींना पण द्यायचे आन् ठाकरेंना पण?" ती इतकी हसली की पुढचा अर्धा धडा हसण्यातच गेला. तो धडा ती जन्मात विसरणार नाही, पैजेवर सांगते.

पण कधीकधी मधेच म्हणायची, "ताई, आज रेंज नाही नीट." आणि मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येतोय, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येतेय. मला आधी वाटलं अभ्यास नको म्हणून टाळतेय. मग हळूहळू ट्यूब पेटली, रेंज नाही म्हणजे घरात आज काहीतरी झालंय आणि बोलता येत नाहीये. त्यानंतर मी ते ट्रेनिंग गुंडाळून ठेवलं आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायला लागले. जेवलीस का. भांडण झालं का. तुला काही लागलं का. संस्थेच्या ताईंना पाठवू का.

शाळा काही करत नव्हती असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. व्हॉट्सअॅपवर "शाळा बंद पण शिक्षण आहे"च्या लिंका यायच्या, दीक्षा अॅप होतं, सह्याद्रीवर टिलीमिली लागायचं (पण ते आठवीपर्यंतचं), सोलापुरात नीलमनगरला सरांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. शिक्षकांनी जिवाचं रान केलं, मान्य. पण लिंक उघडायला डेटा लागतो आणि रिक्षा उभी असताना रिचार्ज कोण मारणार? वडील संध्याकाळी भाजीची गाडी लावायला लागले तसा फोन त्यांच्यासोबत जायला लागला. रात्री परत यायचा, चार्ज नसलेला. वर्गात "हजर" कोण होतं मग?

आता त्या ९९.९५ बद्दल बोलू, कारण माझा खरा संताप तिथे आहे.

लोकांना वाटतं त्या वर्षी मार्क वाटले. कसे वाटले ते कोणाला आठवतंय? एप्रिल २०२१ मध्ये परीक्षा रद्द झाली आणि मग फॉर्म्युला आला, १०० पैकी ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी-प्रॅक्टिकलचे. बरं, नववी म्हणजे कुठली नववी? २०१९-२० ची. त्या वर्षी दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती, लॉकडाउन लागलं, पहिल्या सत्रावर वर ढकललं सगळ्यांना. म्हणजे अर्धा निकाल ठरला तो २०१९ च्या दिवाळीआधी तुम्ही काय दिवे लावले होते त्यावरून!

आमची पोरगी त्या सत्रात गावाला होती. आजी आजारी, आईला कामं सोडता येईनात, मग पाठवलं हिला सेवेला. परीक्षेपुरती आली, जेमतेम मार्क पडले. आणि दहावीच्या वर्षात हीच पोरगी एकसामयिक समीकरणं फोनवर तोंडाने सोडवायला लागली होती. एक्स काढ, वाय काढ, ताळा करून सांग. कधी रात्री दहाला, वडील झोपलेत, आवाज बारीक करून. परीक्षा झाली असती तर तिने दाखवलं असतं. परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा स्पीकरवर वडिलांचा आवाज, "बरं झालं बाबा, टेन्शन गेलं." आणि ही मला म्हणते, "ताई, मग मी केलेलं लिहायचं कुठे?"

सांगा ना साहेब. कुठे लिहायचं?

जुलैत निकाल लागला, १६ तारखेला, साइट बोंबलली, तासन्‌तास उघडेना. मग उघडली, तिचे मार्क जे यायचे तेच आले, २०१९ चे. मग म्हटलं थांब, अकरावीसाठी सीईटी आहे २१ ऑगस्टला, तिथे बघू. पुन्हा पुस्तकं काढली. १० ऑगस्टला हायकोर्टाने सीईटीच रद्द केली. कोर्टाचं चूक नव्हतं, त्या दिवसांत लाखो पोरं सेंटरवर गोळा करणं धोक्याचंच होतं, मान्य. पण हिच्या बाजूने बघा. दोनदा तयारी केली, दोनदा पेपरच नाही.

आणि हिला म्हणायचं फुकट पास!

फुकट कोणाला मिळालं ते मी सांगते. ज्यांचं नववीचं पहिलं सत्र छान गेलं, कारण तेव्हाही क्लास होता, स्वतंत्र खोली होती, आजी आजारी पडली तर बाई ठेवायला पैसे होते. त्यांचीही दहावी २०२१ च आहे. साहेबांच्या स्वतःच्या घरात त्याच बॅचचं लेकरू आहे, इंजिनिअरिंगला, गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला कोणी कोरोना बॅच म्हणतं का? कॉलेजचं नाव मोठं असलं की दहावीचं वर्ष कोणी बघत नाही. हा शिक्का फक्त छोट्या कॉलेजातल्या बीकॉमवाल्यांच्या कपाळी.

अभ्यास बुडला का? बुडला. असरचा, म्हणजे मुलांना वाचता-गणित करता येतं का ते बघणाऱ्या देशभरच्या सर्व्हेचा रिपोर्ट मीही बघितलाय, देशात तिसरीतली दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी मुलं २०१८ ला २७ टक्के होती, २०२२ ला २० टक्क्यांवर आली. माझ्या पोरीचं इंग्रजी मेल अजूनही मी बघून देते. म्हणून काय, अख्खी बॅच टोपलीत?

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

एक गोष्ट लिहू की नको करत होते, लिहितेच. निकालानंतरची. फोन लावला तर एकदम खुशीत, "ताई, रविवारी पाव्हणे येणारेत, आई पुरणपोळ्या करणारे." आणि लगेच, "ताई, रेंज नाहीये." मला धस्स झालं. सोळावं वर्ष होतं हो तिचं. मी फोन ठेवला आणि संस्थेच्या वस्तीतल्या ताईंना लावला. या ताई त्याच गल्लीतल्या, मानधनावर काम करायच्या. त्या अकरावीच्या फॉर्मचं निमित्त काढून गेल्या, कागदं पसरून बसल्या, उठल्याच नाहीत. चहा झाला, पोळ्या झाल्या, आईशी बोलल्या, वडिलांना गल्लीच्या टोकाला नेऊन बोलल्या. कायदाही सांगितला, पण शेवटी. स्थळ परत गेलं. फॉर्म भरला गेला.

वडिलांना व्हिलन करू नका कमेंटमध्ये. हप्ते थकलेले, आणि ५० माणसांत लग्न उरकायची तेव्हा सरकारचीच परवानगी होती, जेवणावळी नाहीत, मानपान नाही. कित्येक बापांनी तो हिशोब केला त्या दोन वर्षांत.

मला कोणी विचारतं, तू काय शिकवलंस तिला? फारसं काही नाही, खरं सांगते. गणित तिचं तिनेच केलं. मी फक्त दर आठवड्याला फोन करायचे. आपल्या पोरांना बघा, काका विचारतो पुढे काय, मावशी विचारते, क्लासचे सर विचारतात, लिफ्टमध्ये भेटलेले जोशीकाका विचारतात, पोरं वैतागतात. त्या पोरीला पुढे काय करणार असं विचारणारं एक माणूस नव्हतं आणि ते आणून द्यायला एक अख्खी संस्था लागली. त्यांच्या पीपीटीवर "शैक्षणिक समता" वगैरे मोठे शब्द असायचे, मी हसायचे तेव्हा. फोटोंची हौसही होती त्यांना. असू दे. फोन लावायला लावला ना त्यांनी.

आणि मग २०२२ मध्ये शाळा सुरळीत झाल्या, सीएसआरवाल्यांनी, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या कंपन्यांनी, सांगितलं कोविडचं काम संपलं, पैसे थांबले. आम्हा मेंटरांना ई-सर्टिफिकेट आलं, माझं कुठल्यातरी मेलमध्ये पडलंय. ताईंचं मानधन बंद झालं. त्या आता पोळीभाजीचे डबे करतात, आणि पोरी अजून फॉर्म घेऊन त्यांच्याकडेच जातात, फुकटात. कोणाच्या कंपनीत सीएसआरचं बजेट मार्चपर्यंत संपवायचं म्हणून धावपळ चालली असेल तर इनबॉक्सात या, मी ताईंशी गाठ घालून देते. झाडं लावून फोटो काढण्यापेक्षा बरं.

तो आजचा रेझ्युमे मी परत लिस्टमध्ये टाकलाय. साहेब, तिला बोलवा, एक्सेल पुढे ठेवा, एक इनव्हॉइस द्या करायला. नाही जमलं तर नका घेऊ, मी एक शब्द बोलणार नाही.

आणि माझी पोरगी आपल्याकडे नोकरी मागायला आलेली नाही, तसा समज नको. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, दुपारी एका सीएकडे काम करते. पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचायला पाठवली होती. स्थळाचं तसंच राहू दे, काढू नको म्हणाली. पप्पांबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. आणि जीएसटीचा हिशोब मी चुकीचा लिहिला होता म्हणे, तो तिने बरोबर करून पाठवला, तोच वर टाकलाय.