जीव घाबरतोय म्हणजे भीती नव्हे

१२ मे, परिचारिका दिन. दिवा घेतलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं चित्र लावून एक मेसेज यंदाही बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या नर्सांच्या ग्रुपांवर फिरला: ‘इन्चार्ज सिस्टरचं यश ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेत, २० टक्केच ज्ञानात. हा गुण बाईला उपजत असतो. अशी सिस्टर कधी रागावत नाही.’

आधी ते ८०. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे आपल्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखून सांभाळणं. सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना मांडली, १९९५ मध्ये लेखक डॅनियल गोलमन यांनी ती पुस्तकातून घरोघरी नेली. गोलमन यांचं म्हणणं एवढंच, की यशात आयक्यूचा वाटा साधारण २० टक्के, बाकी इतर गोष्टींचा. त्यात घरची परिस्थिती आली, नशीबही आलं. फॉरवर्डवाल्यांनी नशीबसुद्धा भावनेच्या खात्यात जमा केलं!

आणि वॉर्डात भावना नि ज्ञान यांची वाटणी करायची कशी? खानापूरकडची एक आजी रात्री सारखी म्हणायची, “बाय, जीव घाबरतोय.” नाईट ड्यूटीची नर्स पोरगी विजापूरकडची, कन्नड बोलणारी, मनानं सोन्यासारखी. तिला वाटलं, म्हातारी भ्यालीय. हात धरून “अंजब्याड्री अज्जी”, भिऊ नका आजी, म्हणत बसली. मी राउंडला आले तर आजीच्या कपाळाला गार घाम. ईसीजी काढला, हार्ट अटॅक निघाला. आजी वाचली. माया त्या पोरीकडे होतीच, एक शब्द नव्हता: जीव घाबरणं म्हणजे भिणं नव्हे, आतून कासावीस होणं.

नातेवाइकांसमोर मी तिला काही बोलले नाही. सकाळी हँडओव्हरच्या वहीत, मागच्या पानावर, दोघींनी यादी केली: कळ येणं, उमासे येणं, जीव घाबरणं. समोर तिनं कन्नडात अर्थ लिहिले.

उपजत म्हणाल, तर वॉर्डातले आमचे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, रडणाऱ्या पोराला सुई टोचण्यात माझ्यापेक्षा सरस होते. नाइटिंगेलबाईंनी तरी सरकारला हलवलं ते मायेनं नव्हे, मृत्यूंचे आकडे मांडून.

राहता राहिला राग. आजीच्या त्या रात्रीनंतर, यादी केली त्याच दिवशी ऑफिसात जाऊन मी चांगलीच भांडले. शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स, म्हणजे दर पाळीला ९ रुग्णांमागे १, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. त्या रात्री रुग्ण होते ३६, पोरी दोन. “सिस्टर, जरा शांत व्हा,” असं मला तीनदा सांगण्यात आलं. तिसरी पोरगी आठ महिन्यांनी मिळाली.