खुलासा : कॉम्प्युट मॉड्यूल ४ आणि मेमरी कार्डाचा मार्ग
मेमरी कार्डावरून सुरुवात करून अंगभूत ईएमएमसीवर (बोर्डावरच बसवलेल्या साठवण-चिपवर) ऑपरेटिंग सिस्टिम उतरवता येते, असे रास्पबेरी पाय कॉम्प्युट मॉड्यूल ४ या छोट्या संगणक-बोर्डाविषयी सांगितले जाते. ते चुकीचे आहे. बीगलबोन ब्लॅक या दुसऱ्या छोट्या संगणक-बोर्डावर ही पद्धत चालते, गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. मॉड्यूल ४ मध्ये मात्र कार्डासाठीची जोडणीच ईएमएमसीने व्यापलेली असल्यामुळे मॉड्यूल ज्यावर बसवतात त्या आयओ बोर्डाच्या खाचेतले कार्ड दिसतच नाही. ती खाच ईएमएमसी नसलेल्या ‘लाइट’ प्रकारासाठी आहे. म्हणून आयओ बोर्डावरील जे२ या पिनांवर ईएमएमसी बूट (तीवरून सुरू होणे) बंद करणारा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, लावून, बोर्ड मायक्रो यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून तेथे ‘आरपीआयबूट’ हा प्रोग्रॅम चालवावा. मग ईएमएमसी पेन ड्राइव्हप्रमाणे दिसते व रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमने तीवर प्रणाली लिहिता येते. जंपर नंतर काढावा, अन्यथा सगळे नीट लिहूनही बोर्ड ईएमएमसीवरून सुरू होत नाही.