लक्ष वस्तूवर की करामतीवर?

एआरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेत आभासी वस्तू दाखवणाऱ्या तंत्रामुळे, ग्राहकाचं लक्ष वस्तूवर जास्त वेळ टिकतं, हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. फर्निचर विकणाऱ्या आयकियाने २०१७ मध्ये 'प्लेस' ॲप आणलं, त्यातून सोफा आपल्याच खोलीत ठेवून बघता येऊ लागला. मापाचा अंदाज येतो, हे मोलाचंच. पण मी एका ॲपवर खुर्ची अशी बघितली, तेव्हा सगळा वेळ ती फिरवण्यात नि भिंतीला टेकवण्यात गेला. कापड कोणतं, परतीचे नियम काय, वाचलंच नाही. खुर्ची घरी आली तर कापड खरखरीत, हाताला टोचणारं! नजर खिळली होती, लक्ष नव्हतं.

आणि एआरसाठी डोळ्यांवर चढवायचे काही हेडसेट तर डोळे कुठे थबकतात तेही टिपतात. ॲपलने आपल्या व्हिजन प्रो हेडसेटमध्ये ही माहिती ॲप्सना मिळणार नाही अशी सोय केली आहे. इतरांनाही तसं बंधन हवं.