‘शेंड्यापर्यंत औषध पोहोचत नाही’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

महोदय,

स. न. वि. वि.

आपण दिलेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायात चार तक्रारी आहेत. मुरबाड तालुक्यात भाड्याने फवारणीचा व्यवसाय सुरू करण्यासाठी आमच्या ठाण्यातील दुकानातून नेलेल्या एचटीपी (इंजिनवर चालणाऱ्या, जास्त दाबाच्या फवारणी) पंपाचा फवारा आंब्याच्या शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. नोझल वारंवार तुंबतात. गरज नसताना तणनाशकासाठी दुसरा पंप आपल्या गळ्यात मारला. आणि ड्रोन किंवा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर हवा असताना आम्ही ‘जुन्या विचारांमुळे’ आपल्याला त्यापासून परावृत्त केले. पंप परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, अशी आपली मागणी आहे. शहापूर, भिवंडी, कर्जतकडचे बरेच तरुण हाच व्यवसाय करण्याच्या विचाराने आमच्याकडे येत असतात आणि त्यांचे प्रश्नही याच जातीचे असतात, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

पहिल्या दोन तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते आपण अभिप्रायासोबत दिलेल्या छायाचित्रातच दिसते. पंपाला दोन गन (हातात धरून फवारण्याच्या नळ्या) आणि प्रत्येकी एक पाइप दिलेला असताना छायाचित्रात तीन गन चालू आहेत आणि तिसरीचा पाइप दोन तुकडे जोडून लांबवलेला आहे. आपला पंप मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी फेकतो. एका गनला सुमारे १२ लिटर लागतात, म्हणजे दोन गन चालू असताना २४ लिटर बाहेर पडतात आणि उरलेले ६ लिटर बायपासच्या नळीने परत ड्रममध्ये येतात. तिसरी गन लावली की मागणी ३६ लिटरची होते आणि पुरवठा मात्र ३० लिटरचाच राहतो. प्रत्येक गनच्या वाट्याला १० लिटर येतात. नोझलमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने, १२ चे १० लिटर झाले की गनजवळचा २५ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब १७ किलोच्या आसपास घसरतो, आणि लांबवलेल्या पाइपातल्या घर्षणाने त्यातलाही काही भाग खर्ची पडतो. एवढ्या दाबावर जुन्या, उंच हापूसच्या शेंड्यापर्यंत फवारा जाणार नाही, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे.

नोझल तुंबण्याचे कारण याच हिशेबात दडलेले आहे. बायपासने परत येणारे पाणी फुकट जाते असे अनेकांना वाटते, परंतु ड्रममधले औषध ढवळत ठेवण्याचे काम तेच पाणी करते. तिसऱ्या गनने ते पाणी ओढून घेतले की ढवळणे थांबते. मोहोरावरच्या भुरी रोगासाठी आपण पाण्यात मिसळणारे गंधक वापरत होता, असे आपणच लिहिले आहे. ही पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते, आणि ढवळणे थांबले की तळाला बसते. पाणी ओढणाऱ्या नळीची (सक्शनची) जाळी तळाशीच असल्यामुळे आधी ती भरते आणि मग नोझलची चकती. त्यातून आणखी एक गोष्ट घडते, जिची तक्रार आपण केलेली नाही, पण बागायतदार कधीतरी नक्की करील: ड्रमच्या सुरुवातीला आणि शेवटाला फवारलेल्या झाडांना औषधाची मात्रा सारखी मिळत नाही.

आता तिसरी गन लावण्यामागचा आपला हेतू. दोघांऐवजी तिघे फवारतील तर काम लवकर उरकेल, हा विचार स्वाभाविक आहे, परंतु कंत्राटी फवारणीत दिवस फवारण्यात जात नाही, तो पाणी भरण्यात जातो. मोठ्या आंब्याला १० ते १५ लिटर द्रावण लागते, म्हणजे २०० लिटरच्या ड्रममध्ये १३ ते २० झाडे होतात. दोन गनने तो ड्रम फवारण्याचा प्रत्यक्ष वेळ नऊ मिनिटांचाही नाही. बाकीचा सगळा वेळ झाडाभोवती फिरण्यात, पाइप ओढण्यात, विहिरीवर किंवा ओढ्यावर जाण्यात आणि औषध कालवण्यात जातो. तिसऱ्या गनने मिनिटामागे फार तर ६ लिटरचा फायदा होतो, तोही दाब घालवून. आम्ही आपल्याला पिकअपवर ५०० लिटरची टाकी बसवावी असे सुचवले होते ते याच कारणाने. खर्च आवरता यावा म्हणून आपण ड्रम ठेवलात, आणि पहिल्याच हंगामात तो निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र पुढचे पैसे हाताशी आले की ते टाकीवर घालावेत, गनवर नव्हे. खरोखरच तीन माणसे फवारणीला उभी करायची असतील, तर मिनिटाला ४० लिटरच्या वरचा पंप आणि त्याला पेलणारे इंजिन लागेल. उंचीसाठी दाबामागे लागण्याऐवजी लांब बांबूची लान्स (टोकाला नोझल असलेली काठी) वापरून पाहावी; त्यासाठी पंप बदलावा लागत नाही.

दुसऱ्या पंपाबद्दल आम्ही आमच्या सल्ल्यावर ठाम आहोत. आपल्या भागात पावसाळ्यात भात आणि नंतर त्याच शिवारात भेंडी असते, आणि मुरबाड-शहापूरची भेंडी निर्यातीलाही जाते. भातातल्या रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारले, टाकी साध्या पाण्याने खळबळून घेतली आणि तीच टाकी भेंडीला वापरली, तर रबरी पाइपात आणि पॅकिंगमध्ये राहिलेला अंशही भेंडीची पाने आकसून वेडीवाकडी करायला पुरेसा असतो. शेतकरी स्वतःच्या शेतात अशी चूक करतो तेव्हा नुकसान त्याच्यापुरते राहते, पण भाड्याने फवारणी करणाऱ्याला ते भरून द्यावे लागते. शिवाय तणनाशक एक-दोन किलोच्या कमी दाबावर, पसरट फवाऱ्याच्या नोझलने, जाड थेंबांत मारायचे असते. २५ किलोवर चालणाऱ्या गनने तेच औषध धुके होऊन शेजारच्या वाफ्यात जाईल. त्यासाठी १६ लिटरचा बॅटरी पंप पुरतो, आणि तोच आपल्याला दिला आहे. बिलात मास्क आणि हातमोजेही लावले याचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून दिवसभर फवारणारी माणसे कामाला ठेवणाऱ्या कोणालाही आम्ही ते साहित्य घेतल्याशिवाय जाऊ देत नाही, आणि यापुढेही देणार नाही.

ड्रोनला आमचा विरोध नाही. भाताचा सलग पट्टा असेल, चिखलात माणूस उतरवणे जिकिरीचे असेल, तर ड्रोनसारखे साधन नाही. परंतु आपल्याकडे आलेली बहुतेक कामे मुंबईकरांच्या फार्महाउसमधल्या आंबा-काजूची आणि लहान वाफ्यांतल्या भाजीपाल्याची होती. शेतीच्या ड्रोनची टाकी साधारण १० लिटरची असते आणि तेवढे द्रावण एकरभर पसरवले जाते; दाट, जुन्या आंब्याच्या आतल्या फांद्यांपर्यंत आणि पानांच्या खालच्या बाजूला ते पुरेसे जात नाही, आणि मोहोरावरचे तुडतुडे तर नेमके आतच दबा धरून असतात. बॅटरी काही मिनिटांतच संपते, म्हणून बॅटऱ्यांचे अनेक संच आणि जनरेटर सोबत न्यावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतल्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपण उलवे-पनवेलकडची कामेही धरणार होता, आणि नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालेला आहे, म्हणून हा मुद्दा त्या वेळी आवर्जून सांगितला होता.

ट्रॅक्टरच्या ब्लोअरचे तर थोडक्यात सांगता येईल. नाशिककडे आपण पाहिलेला ब्लोअर सरळ ओळींतल्या, हाताला लागणाऱ्या द्राक्षवेलींसाठी बनवलेला असतो. डोंगरउतारावरच्या, बांधांनी तोडलेल्या आणि ट्रॅक्टर वळायला जागा नसलेल्या आपल्या बागांत तो न्यायचा कसा, हाच पहिला प्रश्न आहे.

औषध लागलेला पंप दुकानात परत घेऊन दुसऱ्या ग्राहकाला विकता येत नाही, त्यामुळे पैसे परत करणे शक्य होणार नाही. मात्र मोहोराच्या पुढच्या फवारणीआधी आपण पंप घेऊन यावा. तपासणीचे काही पैसे घेतले जाणार नाहीत. आपल्यासमोर मूळ दोन गन आणि मूळ पाइप लावून, प्रत्येक गनचे एका मिनिटाचे पाणी बादलीत मोजू. त्या जोडणीत २५ किलोचा दाब टिकला नाही, तर पंप बदलून देऊ. येताना तिसरी गन आणि जोडपाइप काढू नयेत, जशी जोडणी आहे तशीच आणावी, म्हणजे दोन्ही जोडण्यांचे आकडे आपल्याला एकाच जागी पाहता येतील.

आपला,
दुकानमालक, ठाणे