घरी विज्ञान होत नाही म्हणणाऱ्या कोल्हापूरकरांना

मुलाला घरीच शिकवायचं म्हटलं की कोल्हापुरात ठरलेला सवाल येतो: "बाकीचं ठीक, पण विज्ञानाचं काय? घरात लॅब कुठनं आणणार?" नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या हाच वाद पेटलाय आणि इथे इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये तो वाचताना डोकं फिरतं. इंग्लंडमध्ये घरी शिकणारी कितीतरी मुलं आयजीसीएसई, म्हणजे इथल्या दहावीच्या तोडीची परीक्षा, देतात, कारण त्या परीक्षेत प्रात्यक्षिकाऐवजी प्रयोगांवरचा लेखी पेपर चालतो. म्हणजे लॅब इथल्याही घरात नाही. कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, पत्र पाठवून चौकशी करतं, पण परीक्षा केंद्र शोधायचं आणि फी भरायची आईबापांनीच.

उलट कोल्हापूरला जे फुकट मिळतं ते इथे कितीही पौंड मोजले तरी मिळत नाही. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे ६-७ मे आणि ६ ऑगस्टच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. ऑगस्टात आभाळ भरलेलं, म्हणून मे धरायचा. तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि ज्या लॅबचं एवढं कौतुक, तिला कुलूप.

हे मोजायला काठी ३० सेंमीची घ्या. सूर्य अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक फार धूसर पडतं. गच्चीला पाणी जायला उतार असतो, तेव्हा काठी फरशीला काटकोनात नको, ओळंबा धरून उभी करा. एक अंशाचा कल राहिला तरी ५ मिमी सावली उरते आणि शून्य सावलीचा दिवस तीन-चार दिवसांनी चुकतो. घड्याळात बारा वाजता बघाल तर फसाल. आपली वेळ ८२.५ रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ वर, म्हणून मेमध्ये मध्यान्ह साडेबाराला होते. हे मुलाला आधी मुळीच सांगू नका. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करू दे. सर्वांत आखूड सावली कधी पडली ते त्याचं त्याला कळेल, आणि "बाराला का नाही?" हे तोच विचारेल. त्या प्रश्नासाठीच सगळा खटाटोप. एप्रिलच्या मध्यापासून महिनाभर मापं लिहिली तर दुपारची सावली उत्तरेकडून दक्षिणेला पलटलेली वहीतच दिसते.

मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात त्या किरणोत्सवाला गर्दी करणाऱ्या गावाला हे परकं वाटू नये. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, या दोनच वेळा का? तर दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, एकदा जाताना, एकदा परतताना. म्हणून तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला. किरणं पोचली नाहीत तर ढग, धूर आणि वाटेतली बांधकामं हीसुद्धा नोंदच आहे.

थंडीत गुऱ्हाळ आहेच. काकवी सुमारे १०५ अंशांना, गूळ ११८ च्या आसपास. शाळेतला ११० अंशांचा थर्मामीटर काहिलीत घातला तर फुटेल, २०० अंशांचा न्या आणि तो गुळव्याच्या हातात द्या. घरी नुसतं पाणी उकळलं तर ते ९८ ला उकळतं. पुस्तकातले दोन अंश गेले कुठे? समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीत.

"तिकडं बसून सांगायला काय जातंय?" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणा. इथे जूनच्या सर्वांत उंच सूर्यातही त्या काठीची १६ सेंमी सावली उरते. या मातीवर ती कधीच शून्य होणार नाही, आणि हे मला सलतं. आपली पोरं गावाच्या सावलीविना मोठी होतात आणि गावची माणसं तीच सावली पायदळी तुडवत लॅब मागतात.

तरी एक गोष्ट दोघांनी मिळूनच होते: पृथ्वीचा परीघ मोजणं. ७ मेला कोल्हापूरच्या पोरानं आपल्या मध्यान्हीला शून्य मोजावं, रेडिंगच्या पोरानं आपल्या मध्यान्हीला २१ सेंमी. त्यावरून कोन निघतो ३५ अंशांचा. अंतर विमानाचं घेऊ नका, पृथ्वी दुपटीच्या जवळ जाईल. नकाशावरचं फक्त दक्षिणोत्तर अंतर घ्या, सुमारे ३,८६० किमी. त्याला ३६० ने गुणून ३५ ने भागा, पृथ्वीचा परीघ सुमारे ३९,७०० किमी, म्हणजे खऱ्या ४०,००० च्या जवळ येतो.