व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया: लक्ष मशीनकडे नको, फुग्याकडे हवं

आयसीयूबाहेरच्या बाकांवर हे वाक्य नेहमी कानावर येतं: 'मशीन लावलं आणि न्यूमोनिया झाला.' नातेवाइकांचा राग समजतो. पण जंतू मशीनमधून क्वचितच येतात, ते रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातून उतरतात.

घशातून श्वासनलिकेत नळी गेली की खोकून बाहेर टाकायची ताकद जवळपास संपते. नळीच्या खालच्या टोकाशी एक फुगा असतो. (त्याला कफ म्हणतात आणि बेडक्यालाही आपण कफच म्हणतो, म्हणून इथे फुगाच म्हणते.) लाळ आणि पोटातून वर आलेलं फीड (नळीने दिलेलं पातळ अन्न) या फुग्यावर साचतं आणि त्याच्या चुण्यांमधून थेंबाथेंबाने फुफ्फुसाकडे झिरपतं. गंभीर आजारात तोंडातले जंतूही काही दिवसांत बदलतात. क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास तिथे ठाण मांडतात. नळी घातल्यापासून ४८ तास उलटल्यावर होणारा न्यूमोनिया तो हाच.

फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. त्याहून कमी असला तर गळती होते, जास्त असला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. आतल्या फुग्याला जोडलेला, बाहेर लोंबणारा छोटा फुगा चिमटीत दाबून 'बरोबर आहे' म्हणायची सवय सोडायलाच हवी, बोटांचा अंदाज फार चुकतो. दर शिफ्टला मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावा, नळी हलवली तर पुन्हा लावा. जोडताना थोडी हवा मॅनोमीटरमध्ये जाते आणि दाब उतरतो. म्हणून नुसता आकडा लिहून काढू नका, २५ वर आणा आणि मगच काढा.

खाटेचा कोन ३० ते ४५ अंश. नजरेला वीस अंशही तीस वाटतात, तेव्हा कठड्यावरचा कोनमापक बघा. रुग्ण खाली घसरला असेल तर खाट तिसावर असूनही छाती आडवीच राहते, आधी त्याला वर ओढा. घात होतो तो हलवाहलवीत. पेडणे-काणकोणहून १०८ मधून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) येताना किंवा आयसीयूतून सिटी स्कॅनला नेताना रुग्णाला सपाट झोपवतात. त्याआधी फीड थांबवा, घसा सक्शन करा, फुगा तपासा. अपघातात मणका दुखावल्याची शंका असेल तर पाठ उचलू नका, अख्खा स्ट्रेचर डोक्याकडून वर तिरका करा.

एसीचा झोत सर्किटवर (मशीनपासून रुग्णापर्यंतच्या हवेच्या नळ्यांवर) येत असेल तर गरम, दमट हवा नळ्यांतच निवते आणि पाणी साचतं. कूस बदलण्याआधी ते वॉटर ट्रॅपकडे (नळ्यांतलं पाणी जमा करणाऱ्या भांड्याकडे) काढा, रुग्णाकडे कधीच नाही. ठरलेल्या वारी सर्किट बदलायची गरज नाही. ते मळलं किंवा बिघडलं तरच बदला, दर वेळी उघडणं हाही धोकाच.

तोंडासाठी मऊ टूथब्रश, रोज. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा आग्रह आता सोडावा, २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तो नाकारला आहे. ब्रशने मात्र फायदा दिसतो.

आणि रोज सकाळी झोपेचं औषध कमी करून एक प्रश्न: नळी आज निघेल का? मशीनचा आधार कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, अशी अर्ध्या तासाची चाचणी घेतली तर उत्तर मिळतं. नळीचा एक दिवस वाचवणं हे कुठल्याही महागड्या अँटिबायोटिकपेक्षा मोलाचं.

अँटिबायोटिकचंही सांगायला हवं. नळीतल्या स्रावात जंतू सापडले एवढ्यावर कोलिस्टिनसारखं जालीम अँटिबायोटिक सुरू करू नये, ते मूत्रपिंडांना जड जातं. एक्स-रेत नवी सावली, ताप, पूसारखा स्राव, वाढलेली ऑक्सिजनची गरज हे जुळतंय का बघा. नमुना औषधाआधी घ्या. बहुतेकांना ७ दिवस पुरतात.

हे सगळं करायला हात लागतात. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक सिस्टर, रात्रीसुद्धा, हे आमचं ठाम मत आहे. तीन खाटा सांभाळणारी सिस्टर आधी काय सोडणार? ब्रश आणि मॅनोमीटर. हात धुणंही त्याच घाईत सुटतं.

घरच्यांनी सिस्टरला विचारावं, 'आज झोपेचं औषध कमी केलं का? खाट किती अंशावर आहे?' हा तुमचा हक्क आहे. देवाचा अंगारा आणला असेल तर सिस्टरला विचारून कपाळाला लावा. तीर्थ मात्र तोंडात घालू नका. रुग्णाला ते गिळता येत नाही, चमचाभर पाणीसुद्धा त्या फुग्यावरच जाऊन साचतं.